‘चार महिने झाले, अल्बम नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, ‘लग्नाला चार महिने झाले तरी अल्बम नाही, फोन उचलत नाहीत, साहेब मात्र भिगवणला फ्लेमिंगो टिपतायत. स्टेजवरचे फोटोही जांभळे.’ फोन उचलला गेला नाही आणि तुमचा मेसेज तीन दिवस तसाच पडून राहिला, ही चूक आमचीच. माफ करा.

पण ‘चार महिने’ वाचून गप्प बसवत नाही. पुढचं गिऱ्हाईक हेच वाचून परत फिरतं. म्हणून तारखा देतो.

लग्न १२ फेब्रुवारीचं. ३,८०० फ्रेममधले मिटलेले डोळे, हललेले, एकसारखे काढून उरलेले १,१४० फोटो रंग सुधारून २६ फेब्रुवारीला लिंकवर दिले. सोबत लिहिलं होतं, अल्बमसाठी १५० निवडा. निवड आली ९ मेला, तीही ३१२ फोटोंची. ४० पानी अल्बम म्हणजे १२ बाय ३६ इंचांच्या २० शीट. कन्यादान, सप्तपदी, मंगळसूत्र यांना जागा मोठी लागते. ३१२ कोंबायचे तर एका शीटवर पंधरा-सोळा, म्हणजे आत्याबाईंचा चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा. तसं कळवलं. २४ मेला दुसरी यादी आली, २०४ ची. ४ शीट जादा लावून ते बसवले, त्याचे पैसे मागितलेले नाहीत. ३ जूनला डिझाइन पाठवलं. मामांचा फोटो मोठा करा, अमुक पाहुणे काढा, असं तीनदा झालं. तुमचं ‘ओके’ आलं ११ जूनला आणि रिव्ह्यू १४ जूनला!

‘ओके’आधी छापता येत नाही. शीट पाठीला पाठ चिकटवून बायंडिंग होतं. नंतर एक फोटो बदलायचा म्हटलं तरी अल्बम नव्याने बांधावा लागतो. लॅबला ८ ते १० दिवस लागतात, लग्नसराईत जास्तच. त्याआधीचं काम तर कुणाला दिसत नाही. मोबाइलवर उजळ दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो, म्हणून प्रत्येक फोटो थोडा उजळावा लागतो. हळदीचे फोटो ही वेगळीच डोकेदुखी. पिवळा कमी केला की हळदच फिकी पडते, ठेवला तर नवरीला कावीळ झाल्यासारखं दिसतं. मग चेहरा वेगळा, हळद वेगळी, असं मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून सुधारायचं. तुमच्या यादीत असे ३१ फोटो होते.

जांभळ्या फोटोंचं म्हणाल तर डीजेचे एलईडी दिवे थेट तुमच्या तोंडावर होते. त्या उजेडात कातडीचा मूळ रंग कॅमेऱ्यात उतरतच नाही, तो नंतर कुठून आणणार? दिवे बंद करा म्हणून दोनदा सांगितलं होतं, घरच्यांना माहोल हवा होता. त्यातले काही कृष्णधवल करून दिलेत. ते चांगले झालेत, हे आम्हीच म्हणतो.

राहिलं भिगवण. पक्ष्यांचा नाद आहे, लपवत नाही. त्या रविवारी, २ मार्चला, आमच्याकडे लग्न नव्हतं आणि तुमची निवडही आलेली नव्हती. तिथे उजनी धरणाच्या पाण्यावर उजेड चांगला तो सकाळी साडेसहा ते साडेआठ, ऊन चढलं की परत. शिवाय उडत्या पक्ष्यावर फोकस धरायची सवय अंतरपाट खाली येताना उपयोगी पडते. तेव्हाचा, अक्षता हवेत असतानाचा फोटो तुम्ही अजून डीपीला ठेवलाय.

यापुढे निवडीला मुदत घालणार आहोत, फोनचंही काहीतरी बघतो.

अल्बम कालच आलाय. दुकान सकाळी ११ ते रात्री ८, मंगळवारी बंद. येताना उरलेले ६,००० रुपये तेवढे आणावेत, ते मागायचे आमच्याकडून राहूनच गेले होते.