पूर्वेची खिडकी अखंड ठेवली, हे फार चांगलं झालं

इंग्लंडमधल्या खेड्यातलं व्हिक्टोरियन चर्च विकत घेऊन एका कुटुंबाने त्याचं घर केलं, हा लेख मनापासून आवडला. खाली एका वाचकाने "देवाची जागा अशी विकतातच कशी?" असं विचारलंय, म्हणून लिहितो. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये आधी ते चर्च उपासनेसाठी रीतसर बंद केलं जातं, मग नवा वापर ठरतो. ही पद्धत १९६८ सालच्या कायद्याने रूढ झाली; तो कायदा नंतर बदलला. चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट ३५० हून अधिक बंद चर्च सांभाळतो, पण सगळीच त्याच्याकडे कशी जाणार? रिकाम्या चर्चच्या छपरावरचं शिसं चोरीला जातं, पाणी झिरपतं आणि पाहता पाहता इमारत खचते. त्यापेक्षा तिथे चूल पेटलेली बरी.

माझा जीव अडकतो तो आतल्या उंचीत. खोल्या वाढवायला अनेकजण मधोमध मजला टाकतात आणि टोकदार कमानीची खिडकी दुभंगते: खालचा भाग स्वयंपाकघरात, वरचा बेडरूममध्ये जमिनीलगत. इथे पोटमाळा फक्त पश्चिम टोकाला आहे, पूर्वेची रंगीत काचांची खिडकी अखंड दिसते. एवढी उंच जागा थंडीत उबदार ठेवणं महाग पडतं, तरी त्यांनी ते पत्करलं.

लेखात कबरींबद्दल मात्र काहीच नाही. बंद दफनभूमीवर बांधकाम करण्यावर तिथे १८८४ पासून कायद्याचं बंधन आहे आणि विक्रीनंतरही नातेवाइकांचा येण्याजाण्याचा हक्क बरेचदा राखलेला असतो. या घराच्या आवारात कबरी आहेत का, आणि असल्यास काय व्यवस्था केली, हे लेखिकेने जरूर सांगावं.