नोट खरी असेल तर पूर्ण पैसे द्या, खोटी असेल तर हात लावू नका!

डोकं फिरलंय माझं. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या फ्लोरिडा रस्त्यावर पावलापावलाला ‘कांबियो, कांबियो’ करत डॉलर बदलून देणारे उभे असतात. त्यांच्या नादी न लागता मी सरळ पाटीवाल्या, काचेमागे माणूस बसलेल्या दुकानात गेले. मुकाट रांग लावली. शंभर डॉलरच्या चार नोटा आत सरकवल्या. त्यातल्या दोन त्याने बघताक्षणी परत ढकलल्या. का? तर त्यांच्यावरचा फ्रँकलिनचा चेहरा छोटा आहे!

1996 च्या आधीच्या डिझाइनच्या नोटा आहेत त्या. त्यानेच मशीनमध्ये घातल्या, मशीनने खऱ्या म्हणून सांगितलं, तरीही नाही. तिसरी नोट उजेडात धरली, उलटीसुलटी केली, कडांवरून नख फिरवलं. मुलगी बघायला आलेली खाष्ट सासूसुद्धा इतकी निरखून बघत नसेल. कोपऱ्यात निळ्या पेनाचा एक टिपका सापडला. गठ्ठा मोजताना कुठल्यातरी कॅशियरने मारला असेल. झालं, तीही बाद. चौथी तेवढी साहेबांच्या पसंतीला उतरली.

आता खरा संताप ऐका. मी नोटा उचलायला लागले तर म्हणतो, छोट्या चेहऱ्याच्या घेतो, पण दर कमी मिळेल. अरे, म्हणजे नोट खरी आहे की खोटी? खोटी असेल तर कमी दराने तरी कशी घेतोस? आणि खरी असेल तर माझे पैसे कुठल्या हिशेबाने कापतोस? अमेरिका स्वतः सांगते की जुन्या डिझाइनच्या नोटा बाद झालेल्या नाहीत, पूर्ण किमतीला चालतात. ज्यांनी छापली त्यांना चालते आणि ह्या काउंटरला चालत नाही!

माझ्यामागे एक आजी होत्या. इथल्याच. पर्समधून जुनं पाकीट काढलं, त्यातून छोट्या चेहऱ्याच्या दोन नोटा. त्यांनाही तेच उत्तर, तोच कापलेला दर. त्यांनी वाद घातला नाही, मिळाले तेवढे पेसो, म्हणजे इथले पैसे, मोजले आणि गेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या लोकांनी डॉलर काय हौस म्हणून साठवले? 2001 साली सरकारने बँकेतल्या ठेवी अडकवून ठेवल्या, 2023 मध्ये महागाईने वर्षभरात दोनशे टक्क्यांची पातळी ओलांडली. पेसोवर विश्वास नाही, बँकेवर नाही, म्हणून माणसांनी कपाटात डॉलर ठेवले. घरं विकायची तरी भाव डॉलरमध्ये. मग ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं जपून ठेवले, त्यांनाच दंड? ही दिवसाढवळ्या लूट आहे, आणि सगळे ती पावसासारखी सहन करतात.

पुण्यात मला हे डॉलर देणाऱ्या फॉरेक्सवाल्यालाही मी सोडणार नाहीये. दहा वेळा सांगितलं होतं, एकटी जातेय, तिकडे कुणी ओळखीचं नाही, नव्या कोऱ्या नोटा द्या. “मॅडम, शंभराच्या आहेत, जगात कुठेही चालतात.” कुठेही! स्वतःला नको असलेल्या नोटा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायच्या आणि वर चहा विचारायचा.

आणि पेसो हातात आले म्हणून तरी काय? बसमध्ये रोख चालतच नाही. बहुतेक ठिकाणी सुबे नावाचं प्रवासाचं कार्ड लागतं. ते कुठे मिळेल? किऑस्कवर. किऑस्कवाला म्हणतो कार्ड संपली, पुढच्या चौकात बघा. पुढच्या चौकातला म्हणतो इथे फक्त रिचार्ज होतं. ज्या शहराने 1913 साली भुयारी रेल्वे सुरू केली, अख्ख्या लॅटिन अमेरिकेत पहिली, त्या शहरात आज परक्या माणसाला एक कार्ड मिळू नये?

जेवणाचं तर बोलूच नका. संध्याकाळी सात वाजता पोटात कावळे ओरडतायत आणि हॉटेलवाला खुर्च्या उलट्या टाकून बसलाय. किचन साडेआठ-नऊला. चीज-कांद्याची एम्पानाडा, म्हणजे इथली करंजी, मागितली, ‘मांस नको, हॅम नको’ फोनवर लिहून दाखवलं, वेटरने मान डोलावली, आणि पहिल्याच घासाला हॅम. परत केली तर चेहरा असा की मीच त्याचा अपमान केला. शाकाहारी माणूस म्हणजे गुन्हेगार आहे का? पैसे मोजून खातेय ना?

त्यात आज पाऊस. कार्ड नाही म्हणून चालत निघाले. नऊ जुलै अव्हेन्यू एवढा रुंद की एका सिग्नलमध्ये पार होत नाही, मध्येच दुभाजकावर भिजत उभं राहायचं. पलीकडे पोचले तर फुटपाथची फरशी सुटलेली. वरून दिसायला धडधाकट, पाय पडला की डुगडुगते आणि खालचं काळं पाणी पिचकारीसारखं थेट गुडघ्यापर्यंत. एक चुकवली तर पुढची तशीच. घरासमोरचा फुटपाथ नीट ठेवणं इथे घरमालकाचं काम आहे म्हणे. मग ठेवा ना! संगमरवरी जिने, पितळी मुठींचे दरवाजे रोज घासून लख्ख करता, दारातली एक फरशी बसवायला काय लागतं? अर्धं घमेलं सिमेंट!