हिरवी रेघ जागची हलेना

दोन रेघा हव्या होत्या. फक्त दोन! लाल म्हणजे महिन्याभरात जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये किती तिकिटं, म्हणजे कामाच्या नोंदी, उघडली, हिरवी म्हणजे किती निपटली. एवढ्यासाठी माझा गुरुवार गेला, शुक्रवार गेला आणि वर अक्कलही माझीच निघाली.

बुधवारी सरांनी क्लायंटला ऐटीत सांगून टाकलं, "जिरामध्ये डॅशबोर्ड आहेच, सोमवारी शेअर करतो." डॅशबोर्ड, म्हणजे सगळे चार्ट एकत्र दिसतात ते पान, नव्हताच. कॉल संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "क्रिएटेड व्हर्सेस रिझॉल्व्हड म्हणून गॅजेट असतं, टाकून द्या. पाच मिनिटांचं काम." गॅजेट म्हणजे त्या पानावर लावायचा तयार चार्ट. ज्याने जन्मात एक गॅजेट लावलं नाही, त्याला सगळंच पाच मिनिटांचं वाटतं.

टाकलं. प्रोजेक्ट निवडला, पिरियड डेली, मागचे ३० दिवस, क्युम्युलेटिव्ह, म्हणजे रोजचा आकडा आदल्या बेरजेत मिळवत जायचा, हो, सेव्ह. लाल रेघ येऊरचा डोंगर चढावा तशी वर वर गेली आणि हिरवी तळाला चिकटून बसली, गोगलगायीसारखी. उघडलेली तिकिटं जास्त असली की हे गॅजेट दोन रेघांमधली जागा लाल रंगाने भरतं. आमच्या चार्टवर तर नुसता सडा पडला होता! सहा माणसं महिनाभर ऐरोलीच्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये रात्री नऊनऊपर्यंत बसतात, आणि चार्ट म्हणतो, अकरा तिकिटं झाली. अकरा!

आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून फिल्टर लिहिला, गेल्या ३० दिवसांत क्रिएट झालेली तिकिटं. त्याने आणखीच घोळ झाला, कारण दोन महिन्यांपूर्वी उघडलेली आणि या महिन्यात मारलेली सगळी त्यातून गळाली. ही चूक माझी, कबूल. तारखेची चाळणी गॅजेट स्वतः लावतं, फिल्टरमध्ये परत लावायची नसते. ती अट काढली. हिरवी रेघ पुन्हा अकरावर.

मग एकेक तिकीट उघडून बघत बसले. मागच्याच आठवड्यातलं एक, लॉगिनचा बग, ज्यासाठी शेजारच्या पोराने स्वतःच्या वाढदिवसाचं जेवण सोडलं होतं. स्टेटस डन, हिरवंगार. आणि खाली बारीक अक्षरात, रिझोल्यूशन: अनरिझॉल्व्हड, म्हणजे न निपटलेलं. निपटलेल्या तिकिटाच्या नंबरावर आडवी काट मारलेली दिसते ना, ती यावर नव्हती. पुढचं उघडलं, तेच. त्याच्या पुढचं, तेच. डोक्याची मंडई झाली.

म्हणजे हा चार्ट स्टेटस बघतच नाही. तिकीट डनच्या रकान्यात नेऊन ठेवा, नाहीतर त्याची आरती करा, त्याला घेणं नाही. तो बघतो रिझोल्यूशन नावाचं वेगळं फील्ड आणि ते कोणत्या तारखेला भरलं ते. डन करताना हे फील्ड भरायची सोय वर्कफ्लोमध्ये, म्हणजे तिकीट कुठून कुठे सरकतं त्या मांडणीत, ॲडमिनने करून ठेवायची असते. त्याला पोस्ट फंक्शन म्हणतात. आमच्या ॲडमिनने ती केलेली नाही. कधीच नाही. यात जिराला बोल लावण्यात अर्थ नाही, ते सांगितलं तेवढं करतं.

मग ती अकरा कुठून आली? ती रिजेक्ट केलेली तिकिटं! रिजेक्ट करताना तेवढी एक छोटी खिडकी उघडते आणि कारण विचारते, त्यामुळे तिथे रिझोल्यूशन भरलं जातं. म्हणजे जी कामं आम्ही केलीच नाहीत, तेवढीच आमच्या खात्यावर जमा. केलेली सगळी पाण्यात. आणि पलीकडच्या टीमची हिरवी रेघ बघा, झक्कास! त्यांचा प्रोजेक्ट टीम-मॅनेज्ड, म्हणजे टीमनेच सांभाळायच्या प्रकारातला आहे, तिथे डन केलं की रिझोल्यूशन आपोआप बसतं. काम आमच्या निम्मंही नाही, पण सर दोनदा म्हणाले, "त्यांच्याकडून शिका जरा."

ॲडमिनला फोन केला. तो थंडपणे म्हणतो, "मॅडम, तिकीट टाका." टाकलं. दोन तासांनी उत्तर, "सिस्टीम बरोबर चालते आहे," आणि तिकीट बंद. उघडून बघितलं. स्टेटस डन, रिझोल्यूशन रिकामं. माझं तक्रारीचं तिकीटसुद्धा त्या चार्टच्या हिशेबाने अजून उघडंच!

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, चार माणसांना मध्ये घालून, त्याने ते पोस्ट फंक्शन एकदाचं बसवलं. दहा मिनिटं लागली असतील. पण ते लागू होणार पुढच्या तिकिटांना. जुनी १८७ तशीच. ती सगळी रीओपन करायची आणि पुन्हा डन करायची. बल्क चेंजला, म्हणजे सगळी एकदम बदलायला बसले, आणि घाईत ती मेल पाठवायची बारीक टिक काढायची राहिली. आधी रीओपनचे मेल, मग डनचे. ट्रान्सहार्बरने घरी निघाले तर दिघा गाव येईपर्यंत फोन थरथरून गरम झाला. ठाण्याला दहा नंबरवर उतरते तोच टेस्टिंगच्या पोरीचा फोन, "ताई, सगळे बग परत आले का हो?" बिचारी रडायच्या बेताला आली होती. तिला समजावत समजावत घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात पाऊण तास.

रात्री जेवून लॅपटॉप उघडला. हिरवी रेघ वर आली होती. आली म्हणजे कशी? महिनाभर जमिनीला सपाट, आणि शुक्रवारी एकदम भिंतीसारखी उभी. कारण रिझोल्यूशनची तारीख फील्ड ज्या दिवशी भरलं त्या दिवसाची पडते, काम ज्या दिवशी झालं त्या दिवसाची नाही. १८७ तिकिटं, सगळ्यांवर शुक्रवारची तारीख. म्हणजे आधी आम्ही काहीच करत नव्हतो, आता महिनाभर झोपून एका संध्याकाळी सगळं उरकलं असं दिसतंय.

सरांनी सकाळी चार्ट पाहिला. शनिवारी, घरून. मेसेज आला, "एका दिवसात १८७ होऊ शकतात, तर रोज का होत नाहीत?"

मी फोन उलटा ठेवला आणि पोहे खाल्ले. नंतर दीड पान लिहून सगळं समजावलं, स्क्रीनशॉटसकट. त्यावर अंगठा आला. अंगठा! आणि खाली, "ओके. मग हा नको, सोमवारी पाय चार्ट दाखवू. रिझोल्यूशनवरच घ्या."