बारावीला ९६ असताना परत गणिताची परीक्षा? त्या फॉरवर्डला उत्तर

जून उजाडला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. मजकूर थोडक्यात असा : मुलगा अमेरिकेत बीएसला चाललाय? बारावीला गणितात ९६ असले तरी युनिव्हर्सिटी त्याला प्लेसमेंट टेस्ट द्यायला लावणार. हा निव्वळ पैसे उकळायचा धंदा. आपली बारावी त्यांच्या कॉलेजच्या दोन वर्षं पुढे आहे. हातात मार्कशीट असताना परीक्षा कशाला? टेस्ट घरूनच असते, शेजारी बसा आणि उरकून टाका, नाहीतर मूल नापास होऊन वर्ष वाया जाईल. खाली हात जोडलेले, आणि 'जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोचवा'.

इथे अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या गणित मदत केंद्रात मी आठवड्यातून तीन दिवस बसतो. जूनमध्ये पेरलेला हा मेसेज ऑक्टोबरात माझ्या टेबलावर उगवतो.

नापास होण्याचं आधी मिटवून टाकू. या टेस्टमध्ये पास-नापास हा प्रकारच नाही. प्रवेश आधीच झालेला असतो. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस (अवकलन-संकलन) घ्यायचं, त्याच्या तयारीचं प्रीकॅल्क्युलस घ्यायचं की त्याआधीची बीजगणिताची उजळणी, एवढंच ती ठरवते. बऱ्याच ठिकाणी अ‍ॅलेक्स नावाची टेस्ट असते. जास्तीत जास्त ३० प्रश्न, बहुतेकांना पर्याय नाहीत, उत्तर स्वतः टाइप करायचं. आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरतो. बहुतेक युनिव्हर्सिट्या ती पुन्हा द्यायची मुभा देतात, आणि मधल्या काळात कच्च्या विषयांचा सराव त्याच संकेतस्थळावर करता येतो.

आता पैसे. टेस्टची फी कुठे युनिव्हर्सिटीच भरते, कुठे वीस-पंचवीस डॉलर पडतात. हा धंदा म्हणायचा तर फारच किरकोळ. खरा खर्च वेगळ्याच ठिकाणी आहे आणि मेसेजमध्ये त्याचं नाव नाही. खालच्या वर्गात बसावं लागलं तर त्या कोर्सची पूर्ण फी द्यावी लागते, आणि उजळणीच्या कोर्सचे क्रेडिट (पदवीसाठी जमवायचे अभ्यासाचे एकक) अनेकदा पदवीत धरलेच जात नाहीत. इंजिनियरिंगला तर कॅल्क्युलस सरकलं की फिजिक्स सरकतं, फिजिक्स सरकलं की पुढचं सगळं. म्हणजे टेस्ट टाळण्यापेक्षा ती तयारी करून देण्यातच पैसे वाचतात.

"आपली बारावी दोन वर्षं पुढे." अर्धं खरं आहे, आणि हे मी अभिमानाने कबूल करतो. आपल्याकडे बारावीला अवकलन, संकलन आणि वर अवकल समीकरणंही होतात. इथलं पहिलं कॅल्क्युलस बहुतेक ठिकाणी संकलनाच्या उंबरठ्यावर थांबतं. पण टेस्ट विचारते ते त्याच्या खालचं : अपूर्णांक, घातांक, लॉगरिदम, त्रिकोणमिती. परवा नाशिककडचा एक मुलगा आला होता. अवकलनाचे नियम त्याला तोंडपाठ, पेन कुठे अडखळत नव्हतं. मग उत्तर सोपं करताना वर्गमुळाखालच्या 'एक्सचा वर्ग अधिक ९' चं त्याने सरळ 'एक्स अधिक ३' करून टाकलं. म्हटलं, एक्सच्या जागी ४ घालून बघ. मुळाखाली १६ अधिक ९, म्हणजे २५, मूळ ५. त्याचं उत्तर ७. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "सर, हे तर नववीचं आहे." नववीचंच होतं. बारावीच्या धबडग्यात ते कुणी पुन्हा तपासलं नव्हतं.

आणि पीसीबीवाल्यांचं काय? गणित सोडून जीवशास्त्राला आलेल्या मुलींना इथे कळतं की बायोलॉजीच्या पदवीलाही बऱ्याच ठिकाणी कॅल्क्युलस लागतं. मेसेज त्यांना विचारातच घेत नाही.

मार्कशीटचा मुद्दा मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे. नुसत्या टेस्टवर मुलांचं भवितव्य ठरवू नये, हे अमेरिकेतच सिद्ध झालंय. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) संशोधन केंद्राने २०१२ मध्ये दाखवलं की प्लेसमेंट टेस्टमुळे गणितात साधारण चारातलं एक मूल अगदी चुकीच्या वर्गात जातं, आणि त्यातली बरीच मुलं गरजेपेक्षा खालच्या वर्गात. शाळेचे गुण पाहिले तर चुका कमी होतात. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजांना शाळेचे गुण बघायला लावले.

मग मेसेज बरोबर ठरला? थांबा. त्याच कॅलिफोर्नियातल्या, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेचा नोव्हेंबर २०२५ चा अहवाल बघा. २०२० ते २०२५ या काळात हायस्कूलच्या पातळीखाली गणित असलेल्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या जवळजवळ तीसपट झाली, म्हणजे नव्यांपैकी आठातला एक. त्यांच्यासाठी 'मॅथ २' नावाचा वर्ग आहे. २०२४ मध्ये त्या वर्गातल्या पाव भागाहून जास्त मुलांची गणितातली शालेय सरासरी ४.० होती, म्हणजे पैकीच्या पैकी! या वर्गाच्या चाचणीत '७ + २ = चौकट + ६' असा प्रश्न होता. चौकटीत ३ लिहायचे. पाव मुलांचं चुकलं. कोविडची शाळा, गुणांची खिरापत, २०२० मध्ये एसएटी ही प्रवेशाची परीक्षा काढून टाकण्याचा निर्णय, अशी कारणं अहवालात आहेत. गुणपत्रिका त्यांच्याकडेही झगझगीत होत्या.

आपली गुणपत्रिका तरी इथल्या अ‍ॅडव्हायझरला काय सांगणार? आपल्या बोर्डाच्या १०० पैकी २० गुण कॉलेजच्या हातचे असतात, आणि ते कसे दिले जातात हे आपण एकमेकांना सांगायची गरज नाही. खात्री असेल तर वाद घालायची जागा वेगळी आहे. काही युनिव्हर्सिट्यांत गणित विभागाची परीक्षा देऊन कॅल्क्युलसचं क्रेडिटच मिळवता येतं. आपल्या मुलांनी ते विचारावं, मेल करून, ऑगस्टच्या आधी. फारच थोडी विचारतात.

राहिला 'शेजारी बसा' हा सल्ला. काही ठिकाणी आता कॅमेऱ्यासमोर टेस्ट द्यावी लागते, त्यामुळे जमेलच असं नाही. पण समजा जमलं. बाबांनी ८५ गुण मिळवले, मुलगा थेट कॅल्क्युलसमध्ये गेला. सप्टेंबरअखेर पहिली मिडटर्म, अनेक वर्गांत कॅल्क्युलेटरही चालत नाही. ऑक्टोबरात माझ्यापुढे असा मुलगा बसतो तेव्हा दोनच वाटा असतात : 'डी' किंवा 'एफ' घेऊन सरासरी बुडवायची, नाहीतर कोर्स सोडायचा. स्टुडंट व्हिसावर असेल आणि सोडल्यावर १२ क्रेडिटच्या खाली येत असेल, तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी काढावी लागते. न विचारता सोडला तर व्हिसाचाच प्रश्न. गेल्या वर्षी असाच एक जण त्या कार्यालयाचं पत्र घेऊन आला. टेस्टमध्ये किती होते, विचारलं. "बाबांना ८८ होते," म्हणाला.