एसटीतल्या फोटोपलीकडचे गणपतराव देशमुख

३० जुलैला आबासाहेबांची, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार राहिलेल्या गणपतराव देशमुखांची, पुण्यतिथी असते. त्या दिवशी त्यांचा एसटीतला फोटो फिरतो, खाली 'असे आमदार आता होणे नाही' असं लिहिलेलं असतं. फोटो खरा, साधेपणाही खरा. पण साधी, प्रामाणिक माणसं प्रत्येक तालुक्यात असतात आणि त्यातली बरीचशी ग्रामपंचायतीलाही पडतात. गणपतराव देशमुख सांगोल्यातून तेरा वेळा लढले आणि अकरा वेळा जिंकले. या माणसाला आमदारकीचं काम येत होतं. ते काम काय असतं यावर कुणी लिहीत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आबासाहेब मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, सांगोल्यात वकिली करायला आले. पक्ष शेतकरी कामगार (शेकाप), शेवटपर्यंत तोच. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९७७ ला विरोधी पक्षनेते झाले, १९७८ ला पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री, १९९९ ला पुन्हा मंत्री. २०१४ ला अकराव्यांदा विधानसभेत गेले तेव्हा वय अठ्ठ्याऐंशी होतं. धनगर मतांचं गणित होतं म्हणून जिंकले, असं काही जण ठासून सांगतात. गणित होतं, नाकारायचं कारण नाही. पण ते १९७२ लाही होतं आणि १९९५ लाही होतं, आणि दोन्ही वेळा आबासाहेब पडले.

आता पाण्याकडे येऊ, कारण सांगोल्याचं राजकारण म्हणजे पाणी. माण आणि कोरडा या तिथल्या नद्या, वर्षातला बराच काळ नुसती वाळू. नीरा उजवा कालवा वीर धरणातून निघतो आणि फलटण, माळशिरस, पंढरपूर करत सांगोल्याकडे येतो, म्हणजे सांगोला शेपटाला. टेल-एंडचं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं, दुखणं ज्यांच्या शेतात आहे त्यांना सांगायला नको. आवर्तन, म्हणजे कालव्यातून ठरलेल्या मुदतीत सुटणारी पाण्याची पाळी, कागदावर सगळ्यांना सारखं असतं. वरच्या चाऱ्यांची (शेतांकडे जाणाऱ्या छोट्या कालव्यांची) दारं वेळेवर बंद होत नाहीत, अस्तरीकरण नसलेल्या कालव्यात पाणी जिरतं, वर ऊस वाढला की मागणी वाढते. पाणी शेपटाला पोचेपर्यंत पाळी संपलेली असते.

म्हणून १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदा महत्त्वाच्या. पाण्याच्या चळवळीतले नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब ही माणसं तेरा दुष्काळी तालुक्यांना घेऊन एकत्र आली. 'पाणी द्या' एवढीच घोषणा असती तर ती तिथेच विरली असती. या लोकांनी बोट ठेवलं ते कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादावर. या लवादाच्या बच्छावत निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं होतं आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. तोवर धरणं आणि उपसा योजना (पंपाने पाणी उचलून नेणाऱ्या) उभ्या राहिल्या नाहीत, तर हक्काचं पाणी वापरलंच नाही असं दिसणार. ही तारीख सरकारच्या डोक्यावर टांगती ठेवणं हीच आंदोलनाची ताकद होती. १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं आणि त्याच वर्षी टेंभू योजनेला मान्यता मिळाली. कराड तालुक्यात टेंभू गावाजवळ कृष्णा अडवायची आणि पाणी टप्प्याटप्प्याने उचलत कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायचं, अशी ही योजना.

टीएमसीचा हिशोब बऱ्याच जणांना माहीत नसतो, तो इथे सांगतो. १ टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. शेतात वर्षाला ५० सेंटिमीटर पाणी उभं करायचं म्हटलं तर त्यात गळती न धरता साधारण ५,६०० हेक्टर भिजतात. ऊस याच्या कितीतरी पट पाणी पितो. त्यामुळे समन्यायी वाटपाची, म्हणजे पाणी सगळ्यांना न्यायाने वाटायची, मागणी पिकाच्या प्रश्नापर्यंत जातेच, आणि तिथे भल्याभल्या पुढाऱ्यांची जीभ अडखळते.

उपसा योजनेत आणखी एक अडचण असते, ती विजेच्या बिलाची. पंप बसवून, कालवे खोदूनही थकबाकीपायी वीज तुटून योजना बंद पडल्याचं टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या लाभक्षेत्राने पाहिलंय. पुढे ८१ टक्के शासन आणि १९ टक्के शेतकरी अशी बिलाची विभागणी झाली, तेव्हा कुठे आवर्तनं जरा नियमित झाली. उद्घाटनाला नारळ फोडणारे शंभर भेटतात, बिलाच्या विभागणीवर भांडणारे चार. आबासाहेब त्या चारांतले.

रोजगार हमीचं तेच. १९७७ चा कायदा मूळ रूपात वाचा. पन्नास मजुरांनी काम मागितलं तर पंधरा दिवसांत काम सुरू करायचं, नाही तर बेकारी भत्ता. हे घडवून आणायला तालुक्यात माणसं लागतात. मागणीचे अर्ज भरून त्यांची पोच घ्यायची, मस्टर (मजुरांचा हजेरीपट) तपासायचं, मोजमाप पुस्तिकेत नोंद वेळेत होते का ते बघायचं. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? शेकापच्या कार्यकर्त्यांची शाळा या कामात झाली. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड आली आणि सांगोल्याच्या माळावर आधी बोर, मग डाळिंब उभं राहिलं. (तेल्या, मर हे रोग आणि आता खोडकिड्याने त्या बागांची काय दशा केली ते वेगळ्या पोस्टचं दुःख.)

आबासाहेबांनी सांगोल्यात काढलेल्या सहकारी सूत गिरणीबद्दल थोडक्यात. सहकारी गिरणीचं भांडवल ५:४५:५० असायचं, म्हणजे सभासदांचे पाच टक्के, शासनाचे पंचेचाळीस, उरलेलं कर्ज. स्वतःचे पाचच टक्के गुंतलेले असले की संचालकांना गिरणी बुडाल्याची झळ फारशी बसत नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक गिरण्या अशाच संपल्या. कापूस न पिकणाऱ्या सांगोल्यात गिरणी काढणं आणि ती चालवून दाखवणं हा कारभाराचा पुरावा आहे.

आता सभागृह. अधिवेशनात पूर्ण वेळ बसणारे अशी आबासाहेबांची ओळख होती. बसून काय करायचं? तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं), नियम १०५ ची लक्षवेधी सूचना, नियम ९४ खालची अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पी मागण्यांवरची कपात सूचना ही आमदाराची खरी अवजारं. ती बोथट होतात ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीने. 'अमुक कालव्याचं काम कधी पूर्ण होणार?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'निधीच्या उपलब्धतेनुसार'. त्याऐवजी सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) कोणत्या तारखेची, भूसंपादनाचे किती निवाडे बाकी, यंदा त्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदराखाली) किती तरतूद आणि त्यातली किती खर्ची पडली, हे विचारलं की खात्याला आकडे द्यावे लागतात. टोकन, म्हणजे नावापुरती, तरतूद आहे की खरी तरतूद, तिथेच उघडं पडतं. मंत्री 'कार्यवाही करू' म्हणाले की ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समितीकडे त्याचा पाठपुरावा करता येतो. बहुतेक आमदार उत्तराचा व्हिडिओ टाकून मोकळे होतात, पाठपुरावा तिथेच सुटतो.

प्रचाराबद्दल एकच आकडा पुरे. १९९५ ला आबासाहेब शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी पडले. म्हणजे सत्त्याण्णव माणसांनी शिक्का दुसऱ्या चिन्हावर मारला असता तर निकाल उलटा लागला असता. ते मतदान फेब्रुवारी-मार्चमधलं. त्या दिवसांत दुष्काळी तालुक्यातले मेंढपाळ कळप घेऊन बाहेर असतात, ऊसतोडीला गेलेले फडावर असतात. कोरडवाहू भागात प्रचार म्हणजे वाडीवस्तीवरची यादी हातात घेऊन कोण गावात आहे, कोण बाहेर, कोणाचं नाव गळालं, नमुना ६ (मतदार नोंदणीचा अर्ज) कोणाचा भरायचा हे महिनोन्महिने आधी करणं. सभेची गर्दी या यादीची जागा घेत नाही. २०१९ ला आबासाहेब थांबले, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. चोवीस वर्षांनी तोच धडा. २०२४ ला त्यांचेच दुसरे नातू बाबासाहेब देशमुखांनी शेकापकडे जागा परत आणली.

शेकापमधल्या तरुण पोरांना एवढंच म्हणणं आहे. यंदा फोटो टाकायचा तर टाका. पण त्याआधी आपल्या चारीवर जा. आवर्तन कोणत्या तारखेला सुटलं, शेवटच्या दारापर्यंत कोणत्या तारखेला आलं, किती तास चाललं, हे चारी क्रमांकासह वहीत लिहा, पाटकऱ्याची (पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याची) सही मिळाली तर घ्या. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, तेव्हा ती वही पुढच्या अधिवेशनाच्या मुदतीत आमदारांच्या टेबलावर पोचू द्या.