‘रीड-ओन्ली आहे, लावा बिनधास्त’? जरा थांबा

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे ‘होस्ट’ या प्रत्यक्ष संगणकावर चालणारे आभासी संगणक) सांभाळणाऱ्या मंडळींत एक सल्ला सारखा फिरत असतो: मॉनिटरिंगला (यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या टूलला) रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येणारं, खातं द्या, मग टूल कुठलंही असो, ते काही बिघडवू शकत नाही, माहिती अपुरी आली तर तेवढ्यापुरतं अ‍ॅडमिन द्या. रीड-ओन्ली खातं द्यावंच. पुढचं मात्र टिकत नाही.

‘बिघडवू शकत नाही.’ लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 2019 साली सापडलेली सुरक्षेची त्रुटी (नोंद क्रमांक सीव्हीई-2019-10167) नेमकी इथलीच. एम्युलेटरच्या (व्हीएमचं हार्डवेअर भासवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) क्षमता विचारणारी एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅम्सनी वापरायची आज्ञा, रीड-ओन्ली जोडणीलाही खुली होती आणि एम्युलेटरचा पाथ (फाइलचा पत्ता) विचारणाराच देत असे. लिबव्हर्ट तो प्रोग्रॅम स्वतःच्या अधिकाराने खरोखर चालवून पाहायचं! दुरुस्ती 4.10.1 आणि 5.4.1 या आवृत्त्यांमध्ये आली. शिवाय वाचनाचा सॉकेट (लिबव्हर्टशी जोडणी करायचं दार) मुळात होस्टवरच्या कुठल्याही युजरला खुला असतो (परवानगी 0777). मॉनिटरिंगसाठी वेगळा ग्रुप करून सॉकेट 0770, म्हणजे फक्त मालकाला आणि त्या ग्रुपला खुला, करावा. सॉकेट सिस्टिमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) उघडत असेल, तर हा बदल त्याच्या सॉकेट युनिट फाइलमध्येच करा. लिबव्हर्टच्या कॉन्फिगमधली ओळ तेव्हा वाचलीच जात नाही, आणि बरेच जण इथेच फसतात.

‘नुसतं वाचायचं, त्याचा कसला भार?’ हिशेब करून पाहा. समजा, व्हीसेंटरमध्ये (व्हीएमवेअरचे अनेक होस्ट एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) 40 होस्टसाठी स्क्रिप्ट दर मिनिटाला वेगवेगळं लॉगिन करते आणि लॉगआउट करत नाही. पडून राहिलेलं सेशन 30 मिनिटांनी बंद होतं, म्हणजे कुठल्याही क्षणी सुमारे 1200 सेशन्स लटकलेली. एकच सेशन उघडून तेच वापरावं. रिअल-टाइम आकडे 20 सेकंदांनी बदलतात. दर 5 सेकंदांनी विचारलंत तर तोच आकडा चारदा मिळेल. एका क्वेरीत 64 मेट्रिक्सच्या (मोजमापांच्या) वर गेल्यावर एरर आली, तर मर्यादा उठवू नका, क्वेरीचे तुकडे करा.

‘अपुरं आलं तर अ‍ॅडमिन द्या.’ हा सल्ला सगळ्यात महागात पडतो. प्रॉक्समॉक्स या व्हीएमच्याच सॉफ्टवेअरमध्ये टूलला पासवर्डऐवजी टोकन (किल्लीसारखा संकेत) देता येतं; त्यावर प्रिव्हिलेज सेपरेशन (अधिकार वेगळे ठेवणं) असेल, तर त्याला युजरचे अधिकार आपोआप मिळत नाहीत. यादी रिकामी दिसते, आणि वैतागून कोणीतरी रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) टोकनवरचं सेपरेशनच काढून टाकतं. म्हणजे डॅशबोर्डच्या कॉन्फिगमध्ये रूटची किल्ली! पीव्हीईऑडिटर हा फक्त पाहण्याचे अधिकार देणारा रोल युजर आणि टोकन दोघांनाही दिला की काम होतं. व्हीसेंटरमध्ये डेटास्टोअरमधल्या (व्हीएमच्या फायलींच्या साठ्यातल्या) फायली दिसत नसतील, तर रीड-ओन्ली रोलची प्रत काढून तीत फक्त ‘ब्राउझ डेटास्टोअर’ जोडावं.

राहिलं ‘टूल कुठलंही’. मे 2025 मध्ये आरव्हीटूल्स या व्हीसेंटरची माहिती गोळा करणाऱ्या टूलच्या नावाने बंबलबी मालवेअर असलेले इन्स्टॉलर फिरत असल्याचं उघड झालं. व्हीसेंटरचं खातं रीड-ओन्ली असलं, तरी इन्स्टॉलर चालतो तो अ‍ॅडमिनच्या लॅपटॉपवर, जिथे बाकी सगळे पासवर्ड असतात. अशी टूल्स वेगळ्या व्हीएमवर ठेवा आणि चालवण्याआधी फाइलचा हॅश (फाइलवरून काढलेला ओळख-संकेत) उत्पादकाने दिलेल्या हॅशशी ताडून पाहा.