घासांचा ताळेबंद

"दीड वर्षाचा आहे ना, मग दिवसभरात काय काय खातो ते एकदा लिहून आणा," असं नातवाच्या डॉक्टरीणबाईंनी सूनबाईला सांगितलं. घरात बँकेतून निवृत्त झालेला मी एकटाच, त्यामुळे वही माझ्याकडे आली.

पद्धत सोपी. भरलेली वाटी काट्यावर ठेवायची, जेवण झालं की उरलेलं वजा करायचं. आहारतज्ज्ञ खरंच असं मोजतात. पण आमच्याकडे वाटी आणि पोट यांच्या मध्ये लाळेरं, फरशी, नातवाचे केस आणि माझा चष्मा येतो. एकदा सांडलेलं खरवडून तोललं, तर वाढलेल्या वरणभातापेक्षा जास्त भरलं. सकाळची नाचणीची खीर मागील शिल्लक म्हणून त्यात आली होती.

त्यात आजीचं "हा घास चिऊचा, हा काऊचा". खाल्ले नातवाने, नावे पडले पाखरांच्या. मी ते सस्पेन्समध्ये, म्हणजे हिशेब न लागलेल्या नोंदींच्या खात्यात, टाकले.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) कोष्टकाप्रमाणे १ ते ३ वर्षांच्या मुलाला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८ मिलिग्रॅम लोह लागतं. कॅल्शियमची चिंता नव्हती. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास, वर दूध आहेच. बुडीत खातं लोहाचं! दुधात लोह नावापुरतं; शिवाय त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोह नीट शोषू देत नाही, आणि दुधाने पोट भरलं की मेथी-वरणाला जागाच उरत नाही. अर्धा लिटरवर थांबायचं म्हणतात. हे आजीला सांगितलं, तर म्हणाली, "अहो, दूधच पितोय, बिडी नाही ओढत!"

लिंबातलं 'क' जीवनसत्त्व लोहाच्या मदतीला येतं, म्हणून वरणावर लिंबू पिळलं. त्याने फोड मागून घेतली, चोखली आणि वरण ढकलून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी माझे आखीव रकाने भराभर उलटले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'किरकोळ : भिंतीचा पोपडा.'

"हे रोज?"

"संधी मिळेल तसं."

लोह कमी पडलं की मुलं माती-चुना चाटतात म्हणे. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमीच निघालं. आता लोहाचं औषध चालू आहे. मात्रा ठरलेली, मोजायला सोपी. पण तो फुर्रर्र करतो आणि शर्टावर पडलेला डाग काही केल्या निघत नाही.

"बाबा," सूनबाई म्हणते, "तुमच्या शर्टाचं हिमोग्लोबिन मात्र झकास आहे हं."